शिवणीतली माया : ओपन सोर्स म्हणजे नुसतं फुकट नव्हे

फोनवर मराठी कीबोर्ड उघडा आणि 'आचार्यांना' असं लिहा. मग त्याच्याखाली 'आचाऱ्यांना' लिहा. पहिल्या शब्दात र डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात तो बारीक शेपटासारखा होऊन य ला कडेने चिकटतो. पहिला शब्द गुरुजींसाठी, दुसरा लग्नघरी पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्यासाठी. मानपानाच्या यादीत अदलाबदल झाली तर काय होईल ते सांगायला नको.

हा 'ऱ्य' हिंदीला लागत नाही. मराठीला, कोकणीला, नेपाळीला लागतो. तुमच्या फोननं तो बरोबर काढला, पण कीबोर्डनं आत साठवली ती तीन सुटी चिन्हं : टिंबवाला ऱ, हलन्त, आणि य. या तिघांचं मिळून पडद्यावर काय काढायचं हे कोणीतरी ठरवावं लागतं. 'कि' लिहिताना आपण आधी क दाबतो, मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी मात्र आधी दिसते. ती उचलून पुढे कोण आणतं?

अँड्रॉइड फोनवर हे काम 'हार्फबझ' नावाचा प्रोग्राम करतो. क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस यांच्या पोटातही तोच आहे. नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. तो मुख्यतः लिहिला बेहदाद एस्फाहबोद या इराणी-कॅनेडियन प्रोग्रामरनं. परवान्यापोटी त्याला तुम्ही काही दिलं नाही, फोन बनवणाऱ्या कंपनीनंही नाही. आणि देवनागरीचा रफार कुठे बसवायचा हे त्या प्रोग्राममध्ये नेमकं कसं लिहिलंय, ते कोणालाही उघडून वाचता येतं. चुकलं असेल तर दुरुस्त करून पाठवताही येतं.

ओपन सोर्स म्हणतात ते हे. बहुतेक लोक त्याचं भाषांतर 'फुकट सॉफ्टवेअर' असं करतात, आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते.

मी पुस्तकांची मांडणी करतो, त्यामुळे कापडाचं उदाहरण देण्याचा मला खरं तर अधिकार नाही. पण माझी आई शाळेचा गणवेश शिवायला टाकताना शिंप्याला न चुकता बजावायची, "माया ठेवा हं." माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. पोरगं वाढलं की शिवण उसवायची, माया सोडायची, पँट आणखी दोन वर्षं चालायची. तयार कपड्यात ही माया नसते. दुकानदार लबाड असतो म्हणून नव्हे. त्याला तुम्ही पुढच्या वर्षी पुन्हा यायला हवे असता.

प्रोग्राम मुळात माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला असतो. तो सोर्स. मग तो यंत्राला कळेल अशा रूपात बदलतात, आणि ते रूप माणसाला वाचता येत नाही. साधारणपणे आपल्याला विकतात ते हे दुसरं रूप : शिवून, इस्त्री करून, माया कापून. ओपन सोर्सवाला कपडा देतो, आत माया ठेवतो, आणि ज्या कागदावर बेतला तो कागदही हातात देतो. वर एक चिठ्ठी असते : हवा तसा वापरा, उसवून बघा, बदला, दुसऱ्याला शिवून द्या.

सगळा जीव त्या चिठ्ठीत आहे. तिला परवाना म्हणतात, आणि ती कायद्याची भाषा बोलते. लोकांना वाटतं ओपन सोर्स म्हणजे मालकीच सोडून दिली. तसं नाही. लेखकाकडे कॉपीराइट असतो म्हणूनच तो अटी घालू शकतो.

या चिठ्ठीचा जन्म एका अडलेल्या प्रिंटरपाशी झाला असं सांगतात. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करायचे. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्यांनी फेरफार केला होता : कागद अडकला की ज्यांचं काम रांगेत आहे त्यांना निरोप जायचा. मग नवा लेझर प्रिंटर आला. त्याचा सोर्स मागितला तर मिळेना. कागद तसाच अडकायचा, माणसं जिने चढून-उतरून दमायची, आणि दुरुस्ती करू शकणारा माणूस हात बांधून बसलेला. १९८३ मध्ये स्टॉलमननी 'ग्नू' नावाचा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये त्याचा परवाना आला : जीपीएल. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये लिहायला घेतलेला लिनक्स, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणारा पायाचा प्रोग्राम, पुढच्याच वर्षी या परवान्याखाली आला. आज अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स आहे, आणि जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक २०१७ च्या अखेरीपासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात.

इंग्रजीत 'फ्री' या शब्दानं घोळ केला. फुकट की मुक्त, कळेना. म्हणून १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' हा शब्द काढला गेला. मराठीत फुकट आणि मुक्त हे दोन शब्द आधीपासून वेगळे होते, पण आपण तो फायदा घेतला नाही. 'फुकट आहे, घेऊन टाका' एवढंच पसरलं.

परवाने ढोबळमानानं दोन तऱ्हांचे. एक सैल : घ्या, काय हवं ते करा, फक्त आमचं नाव राहू द्या. हार्फबझचा परवाना असा आहे. दुसरा जीपीएलसारखा, आणि तो समजायला विरजणाइतकं चांगलं काही नाही. शेजारणीकडून चमचाभर विरजण आणलं, आपल्या दुधात घातलं, की सगळ्या पातेल्याचं दही होतं. जीपीएलचा कोड तुमच्या प्रोग्राममध्ये मिसळलात आणि तो प्रोग्राम बाहेर वाटलात, की तुमचा सगळा प्रोग्राम त्याच अटींवर द्यावा लागतो. पुढची शेजारीण विरजण मागायला आली तर नाही म्हणता येत नाही. घरच्या घरी दही खाल्लंत तर मात्र कोणी विचारत नाही. कंपन्यांच्या वकिलांची झोप या चमच्यानं उडवलेली आहे.

आता लॉकची गोष्ट.

डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावण्याच्या धंद्यात 'लॉक' म्हटलं की जुन्या लोकांना लगेच कळतं. नव्वदच्या दशकात मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर घेतलं की सोबत बोटाएवढा एक ठोकळा यायचा. तो संगणकाच्या प्रिंटर पोर्टला लावायचा. ठोकळा लावलेला असेल तरच सॉफ्टवेअर चालायचं. चोरी होऊ नये म्हणून केलेली सोय होती, आणि फॉन्ट काढणाऱ्याच्या बाजूनं ती समजण्यासारखी होती.

काही वर्षांपूर्वी एक ज्येष्ठ लेखक माझ्याकडे आले. त्यांनी आपल्या गावाचा इतिहास लिहिला होता, २००३ मध्ये छापला होता, आणि आता दुसरी आवृत्ती काढायची होती. सीडी जपून ठेवलेली, वरती तारीखही घातलेली. मी फाइल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरं, डॉलरची चिन्हं, उलटी प्रश्नचिन्हं. एक अक्षर मराठी नाही.

तेव्हाच्या फॉन्टांची युक्ती अशी होती : संगणकाला वाटायचं आपण रोमन अक्षर साठवतोय, फॉन्ट मात्र त्या खणात 'क'चं चित्र ठेवायचा. फॉन्ट काढला की खाली उरतो तो रोमन कचरा. आणि प्रत्येक कंपनीचे खण वेगळे. हा मजकूर ज्या फॉन्टमध्ये होता तो चालायला त्याचा लॉक हवा. लॉक ज्या डीटीपीवाल्याकडे होता त्यानं केव्हाच धंदा बंद केला होता. लॉक सापडला असता तरी तो लावायला प्रिंटर पोर्ट असलेला संगणक कुठून आणायचा? लेखक शांतपणे म्हणाले, "अहो, पण मजकूर माझाच आहे ना?"

होता. पण कुलपाची किल्ली त्यांच्याकडे नव्हती. सॉफ्टवेअरच्या जगात याला 'लॉक-इन' म्हणतात. तो ठोकळा निदान डोळ्यांना दिसायचा. हल्ली तो दिसत नाही, एवढाच फरक.

युनिकोड आला आणि 'क'ला जगभर एकच आकडा मिळाला. पण नुसता आकडा असून भागत नाही, तो दाखवायला फॉन्ट लागतो, आणि तो सगळ्यांना वापरता यायला हवा. इथे पुण्याचा एक धागा आहे. रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीनं भारतीय लिप्यांसाठी 'लोहित' हे फॉन्ट खुले केले. लोहित म्हणजे तांबडा; कंपनीची टोपी लाल. हे फॉन्ट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं पुरवले होते. आधी ते जीपीएलखाली होते, २०११ मध्ये ओपन फॉन्ट लायसन्सखाली आले. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या एका पिढीनं पहिली अक्षरं लोहितमध्ये पाहिली. देखणे होते असं मी म्हणणार नाही. पण दिसत होते, सगळीकडे सारखे दिसत होते, आणि ठोकळा लागत नव्हता.

माझ्या धंद्याचं खरं भाग्य त्यानंतर उघडलं. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचे मुक्ता, बालू, मोदक हे फॉन्ट बघा. मुक्ता कितीतरी मराठी संकेतस्थळांवर रोज दिसतो. बालू अनेक भारतीय लिप्यांत आहे, त्यामुळे मराठी, गुजराती आणि तमिळ पाटी एकाच घराण्यातली वाटते. मोदक इतका गुबगुबीत आहे की अक्षरातली पोकळी फक्त बारीक फटीपुरती उरते. गणपतीच्या दिवसांत बॅनरवर तो ओळखू येतो. सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली. हा परवाना वाचण्यासारखा आहे. फॉन्ट पुस्तकात, अॅपमध्ये, लोगोत वापरा, पुस्तक विकून पैसे कमवा, हरकत नाही. नुसता फॉन्ट मात्र सुटा विकायचा नाही. आणि मूळ कर्त्यानं नाव राखून ठेवलं असेल तर फेरफार केलेल्या फॉन्टला तेच नाव द्यायचं नाही, म्हणजे तुमची चूक त्याच्या नावावर जायला नको.

मग डिझायनर जेवतो काय? चांगला प्रश्न आहे, आणि ओपन सोर्सबद्दल बोलणारे तो फार घाईनं ओलांडतात. देवनागरी फॉन्टला शेकडो जोडाक्षरं काढावी लागतात. वर्ष सहज जातं. गूगल फॉन्ट्ससारख्या उपक्रमांनी असे फॉन्ट डिझायनरांकडून मोबदला देऊन करून घेतले आहेत. म्हणजे वापरणाऱ्याला फुकट, करणाऱ्याला पगार, आणि पैसे तिसऱ्यानं मोजलेले. त्या तिसऱ्याचा स्वार्थ असतोच : जास्त लोक इंटरनेटवर आपल्या भाषेत वाचू लागले तर त्याचा धंदा वाढतो. मला यात काही वावगं वाटत नाही, पण ही दानधर्माची गोष्ट म्हणून सांगू नये.

धंद्यात ओपन सोर्स कशाला, याचं उत्तर इथेच अर्धं मिळतं. रेड हॅट सॉफ्टवेअर विकत नव्हती. सॉफ्टवेअर खुलं होतं. ती विकायची हमी. रात्री तीन वाजता बँकेचा सर्व्हर पडला तर फोन उचलायची हमी. आयबीएमनं २०१९ मध्ये ही कंपनी ३४ अब्ज डॉलरना घेतली.

आपल्याकडचं उदाहरण मुंबईचं आहे. कारखान्याचा माल, खरेदी, बिलं, पगार हे सगळं एका ठिकाणी सांभाळणाऱ्या प्रोग्रामला ईआरपी म्हणतात. मोठ्या कंपन्यांचे ईआरपी लहान उद्योजकाच्या आवाक्याबाहेर असतात. घरच्या फर्निचरच्या व्यवसायात असा प्रोग्राम बसवताना हात पोळलेल्या रुषभ मेहतांनी स्वतःच एक लिहायला घेतला. तो आज 'ईआरपीनेक्स्ट', जीपीएलखाली. त्यांची 'फ्रापे' ही कंपनी कमावते ती सर्व्हर चालवून देण्यावर आणि मदतीवर. लेथ मशीन चालवणारा कारखानदार तो उतरवून घेऊ शकतो, जीएसटीच्या बिलात आपल्याला हवा तो रकाना घालू शकतो, आणि उद्या सेवा देणाऱ्याशी बिनसलं तर आपला डेटा आणि प्रोग्राम दोन्ही घेऊन दुसऱ्याकडे जाऊ शकतो. पण तो बसवणारा, शिकवणारा, अडल्यावर येणारा माणूस फुकट नसतो. 'फुकट आहे' म्हणून घेतलेलं ओपन सोर्स सहा महिन्यांत धूळ खात पडलेलं मी दोन-तीन ठिकाणी पाहिलंय. पैसे परवान्याऐवजी माणसावर खर्च करायचे असतात, आणि नेमकं तेच कोणी अंदाजपत्रकात धरत नाही.

निघून जाण्याच्या या मुभेला इंग्रजीत फोर्क म्हणतात. मराठीत त्याला वेगळी चूल म्हणावं. ओपनऑफिस हा वर्डसारखा खुला प्रोग्राम; त्याची कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली, जुन्या मंडळींचा जीव लागेना, त्यांनी २०१० मध्ये सोर्स उचलला आणि लिबरऑफिस या नावानं वेगळी चूल मांडली. आज लोक वापरतात ते लिबरऑफिस. टेराफॉर्म या सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या मालकांनी २०२३ मध्ये परवाना आवळला, तर काही आठवड्यांत त्याचीही वेगळी चूल पेटली : ओपनटोफू. घर फुटू शकतं हे माहीत असलं की कर्ताही जरा जपून वागतो.

सरकारांना लॉकची भीती जास्त असायला हवी, कारण त्यांच्या फायली माणसांपेक्षा जास्त जगतात. भारत सरकारनं २०१५ मध्ये धोरण काढलं : सरकारी कामात ओपन सोर्सला पसंती द्यावी, आणि पुरवठादारानं तो पर्याय वगळला तर का वगळला ते लिहून द्यावं. कागदावर चोख आहे. पण 'सरकार ओपन सोर्स वापरतं' आणि 'सरकार आपला सोर्स उघडतं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिलीतच समाधान मानतो. सरकारी संगणकांवर लिनक्स, डेटाबेसही खुला, पण त्यावर बांधलेली प्रणाली बंद, हे सर्रास चालतं. करोनाकाळातल्या 'आरोग्य सेतू'चं उदाहरण घ्या. कोट्यवधी लोकांच्या फोनमध्ये गेलेलं हे अॅप आत काय करतं, असे प्रश्न उठले. मे २०२० मध्ये त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा सोर्स उघडला गेला. प्रश्न संपले नाहीत, पण निदान अंदाजाऐवजी कोड समोर ठेवून भांडता आलं. सरकारशी भांडताना याचं मोल फार असतं.

बंगळुरूच्या आयआयआयटीत २०१८ पासून घडलेलं 'मोसिप' मला यापेक्षा जास्त रंजक वाटतं. एखाद्या देशाला नागरिकांची ओळखपत्र व्यवस्था उभारायची असेल तर तिचा खुला सांगाडा म्हणजे मोसिप. फिलिपिन्स आणि मोरोक्कोनं तो घेतला. अख्ख्या देशाची ओळख एका परदेशी कंपनीच्या कंत्राटात अडकू नये, हा त्यामागचा विचार. ओळखपत्र सक्तीचं असावं का, त्याचा गैरवापर होईल का, हे प्रश्न सोर्स खुला केल्यानं सुटत नाहीत. ते त्या त्या देशातल्या लोकांनीच लढायचे आहेत.

सगळं गोड नसतं याचा दाखला म्युनिकचा. जर्मनीतल्या या शहरानं २००३ मध्ये पालिकेचे संगणक लिनक्सवर न्यायचं ठरवलं. दहा वर्षं खपून सुमारे १५ हजार संगणक बदलले. आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचा निर्णय झाला. बाकीच्या कार्यालयांतून येणाऱ्या फायली नीट उघडत नव्हत्या, कर्मचारी वैतागले होते, सत्तेतली माणसं बदलली होती. एकटा माणूस सगळ्या गावाच्या विरुद्ध दिशेनं चालला तर रस्ता चुकीचा नसूनही तो दमतो. आता त्याच जर्मनीतलं श्लेसविग-होल्स्टाइन हे राज्य ३० हजार संगणक लिबरऑफिसवर नेतंय, २०२४ मध्ये त्यांनी तसं जाहीर केलं. या वेळी शहर नाही, अख्खं राज्य आहे. बघू.

शिक्षणात मात्र केरळनं आपल्या सगळ्यांना मागे टाकलंय, आणि हे लिहिताना मराठी माणूस म्हणून थोडं लागतंच. तिथल्या सरकारी शाळांमध्ये या शतकाच्या पहिल्या दशकातच संगणक लिनक्सवर गेले. मुलं दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षा मुक्त सॉफ्टवेअरवर देतात. चित्रं गिंप आणि इंकस्केपमध्ये काढतात. कारण साधं आहे : शाळेत शिकलेलं घरी करून बघायचं असेल तर घरच्या संगणकावरही तेच हवं, आणि ते विकत घ्यावं लागलं तर निम्मी मुलं चोरीची प्रत टाकतील. म्हणजे संगणकाचा पहिला धडा चोरीचा.

आपल्याकडे पवईत मोठं काम झालंय, फक्त त्याचा गाजावाजा नाही. आयआयटी मुंबईतले प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी उभा केलेला 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प : साधारण दहा मिनिटांचे धडे, शेजारी प्रोग्राम उघडायचा, धडा थांबवत थांबवत तसंच करून बघायचं. लिबरऑफिस, पायथन, लाटेक, बरंच काही, आवाज मराठीतसुद्धा. तिथल्याच 'फॉसी' प्रकल्पात विद्यार्थी अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली गणितं सायलॅब या खुल्या प्रोग्राममध्ये लिहून देतात आणि त्याचं मानधन मिळवतात. पोलादी बांधकामाची भारतीय मानकांप्रमाणे आखणी करणारा 'ओसडॅग'ही तिथलाच. सांगली-लातूरच्या कॉलेजातल्या पोराला लाखांचा परवाना न घेता तुळई-खांबाचा जोड तपासता येतो.

शाळकरी मुलांच्या हातात तर हे रोज असतं. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की उघडतं ते 'दीक्षा', आणि दीक्षाच्या खाली आहे 'सनबर्ड' नावाचा खुला पाया. विज्ञानाच्या शिक्षकांना मी कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट', म्हणजे पडद्यावरची प्रयोगशाळा, बघा म्हणेन. नोबेल मिळालेले कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये सुरू केलं. विजेचं मंडल जोडा, लंबक हलवा, दिवा पेटवा. बरेच प्रयोग मराठीत आहेत.

कलेबद्दल थोडक्यात, कारण माझी धाव अक्षरांपुरती. पण ब्लेंडरची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्रिमितीय अॅनिमेशनचा हा डच प्रोग्राम. २००२ मध्ये त्याची कंपनी बुडाली. टॉन रोसेनडाल या त्याच्या कर्त्यानं गुंतवणूकदारांना विचारलं, सोर्स मोकळा करायचे किती घ्याल? एक लाख युरो. सात आठवड्यांत वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून ते उभे केले आणि ऑक्टोबर २००२ मध्ये ब्लेंडर जीपीएलखाली आलं. सावकाराकडून गहाण सोडवून आणावं तसं. पुढे लाटव्हियाच्या गिन्ट्स झिल्बालोडिसनं त्यावर 'फ्लो' हा मांजराचा चित्रपट केला. खर्च सुमारे ३५ लाख युरो, म्हणजे हॉलिवूडच्या अॅनिमेशनपटाच्या मानानं चहापाणी. २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं.

एवढं कौतुक झाल्यावर विहिरीचा तळही बघायला हवा.

एक्सझेड नावाचं एक छोटं साधन आहे, फायली दाबून लहान करायचं. जगभरच्या लिनक्स सर्व्हरांत असतं. ते सांभाळायचा फिनलंडमधला एक माणूस, लासे कोलिन. बिनपगारी, फावल्या वेळात. २०२२ मध्ये लोक त्याच्यामागे लागले, बदल लवकर का येत नाहीत म्हणून. त्यानं लिहिलं की मानसिक त्रासातून जातोय, आणि हे काम आपण हौसेनं, पैसे न घेता करतो. त्याच सुमारास 'जिया टॅन' नावाचं कोणीतरी मदतीला आलं. चांगली दुरुस्ती पाठवायचं, गोड बोलायचं. दोनेक वर्षांत विश्वास बसला, किल्ल्या हातात आल्या. आणि २०२४ च्या सुरुवातीला त्यानं नव्या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला, असा की सर्व्हरमध्ये परस्पर शिरता यावं.

तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याच्या लक्षात आलं की लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद. दुसऱ्या कोणी चहा घेतला असता. त्यानं शिवण उसवायला घेतली, आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सांगितलं. ती आवृत्ती तोवर बहुतेक सर्व्हरांपर्यंत पोचली नव्हती. जिया टॅन कोण, हे आजही कळलेलं नाही.

या गोष्टीतून प्रत्येक जण आपल्याला हवं ते काढतो. खुलं होतं म्हणून चोर शिरला. खुलं होतं म्हणून फ्रॉइंडला माग काढता आला. दोन्ही खरं आहे. मला मात्र लासे कोलिन आठवत राहतो. गावच्या पाणवठ्याची दोरी एकटा माणूस वळतोय, सगळे पाणी भरतायत, आणि दोरी तुटली की त्याच्यावर ओरडतायत. २०२४ मध्येच झिरोधा या आपल्याकडच्या कंपनीनं असल्या खुल्या प्रकल्पांसाठी दर वर्षी दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. अशा कंपन्या आणखी निघायला हव्यात. वापरणाऱ्यांत तर सगळ्याच आहेत.

राहिली त्या लेखकांची सीडी. लॉक काही सापडला नाही. पण त्या जुन्या फॉन्टच्या कोणत्या खणात कोणतं मराठी अक्षर होतं, याचा तक्ता करून एकानं युनिकोडमध्ये बदलणारा छोटा प्रोग्राम गिटहबवर, म्हणजे लोक आपले सोर्स ठेवतात त्या संकेतस्थळावर, ठेवला होता. अर्थात खुला. मी फाइल त्यातून काढली आणि दोनशे पानं एका मिनिटात मराठीत आली. फक्त एक खोड होती. 'शेतकऱ्यांचा'चं 'शेतक-यांचा' झालं होतं, 'दुसऱ्या'चं 'दुस-या'. ऱ्य चं ते शेपूट तक्त्यात साध्या आडव्या रेघेला जोडलेलं होतं. ही आडवी रेघ तुम्ही इंटरनेटवर शेकडो ठिकाणी पाहिली असेल. ती अशाच कुठल्यातरी तक्त्यातून गळलेली असते. मला प्रोग्रामिंग येत नाही. पण तक्ता वाचता येत होता. ती एक ओळ बदलली, पुन्हा चालवून बघितलं, आणि दुरुस्ती मूळ माणसाला पाठवली. पाच दिवसांनी उत्तर आलं : घेतली, आभार.

लेखकांनी प्रुफं बारकाईनं वाचली. परत आली तेव्हा पान ११२ वर लाल पेनानं एक गोल होता. गावामागच्या डोंगर-दऱ्यांचं वर्णन, आणि तिथे 'डोंगर-दर्या' छापलेलं. मी तक्ता पुन्हा तपासला, मग पहिली आवृत्ती काढून बघितली. चूक तक्त्याची नव्हती. २००३ पासून तिथेच होती.